सोप्यात आलेला वेग

मालनबाईंचं घर त्या सोमवारी दुपारपासून ताशी एकशे दहाच्या वेगाने पळू लागलं. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने बोट दाखवून सांगितलं असतं, की ते काय घर, चावडीच्या मागं, जिथं होतं तिथंच आहे. बाहेरून ते तसंच दिसे. पण राहायचं असतं आत, आणि आत राहणाऱ्याला ते पळत होतं.

वेग घरात आणला रणजितने. रणजित मालनबाईंचा एकुलता एक मुलगा, साखर कारखान्यात कामाला, वर्षापूर्वी लग्न झालेला. त्याची मोटरसायकल मुक्कामाला सोप्यात असायची. त्या गावात सगळ्यांच्याच गाड्या घरातल्या पुढच्या सोप्यात असतात. माणसं अंगणात झोपतील, पण गाडी आत. त्यासाठी दारापुढच्या पायऱ्या फोडून ज्याने त्याने सिमेंटचा उतार करून घेतलेला आहे. रणजित त्या उतारावरून गाडी न थांबवता आत घाली आणि सोप्याच्या मधोमध ब्रेक मारी. मालनबाई म्हणायच्या, "एक दिवस भिंत फोडून परसात जाशील." तो हसायचा.

त्या सोमवारी हायवेच्या वळणावर पोलीस उभे होते. एका हवालदारबाईंनी हात करून त्याला थांबायला सांगितलं. रणजितच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते घरी खुंटीला होतं आणि त्यात त्याच्या बायकोने, काजलने, लसूण भरून ठेवला होता. रणजितने थांबायचं सोडून मूठ पिळली. वळणापासून घरापर्यंतचा रस्ता त्याने एका दमात मागं टाकला, उतार चढला, सोप्यात ब्रेक मारला, उडी मारून दार लावलं आणि कडी घातली. गाडी थांबली. वेग त्याच्या पाठोपाठ आत आलेला होता, आणि दार लागल्यावर त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही.

मालनबाई भाकरी थापत होत्या. हातातली भाकरी उडाली आणि भिंतीला जाऊन चिकटली. मग चपला, सुपं, रिकामे डबे असं सगळं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे जमा झालं. घर देवघराच्या बाजूने पुढं आणि चुलीच्या बाजूने मागं पळत होतं. देवापुढची वात आडवी होऊन जळत होती.

"काय केलंस?" मालनबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. गाडी लावली."

मालनबाई गाडीजवळ गेल्या. किल्ली रणजितच्या हातात होती, इंजिन बंद होतं, आणि वेगाचा काटा एकशे दहावर उभा होता.

खिडकीतून पाहिलं तर बाहेर रस्ता पळत होता. हायवेचं वळण येई, मग हिरवा पट्टा, मग करडा पट्टा, मग क्षणभर त्यांचंच अंगण, आणि पुन्हा हायवेचं वळण. तेवढाच रस्ता, फिरून फिरून. मालनबाईंचे मालक, आनंदा, रानातून उशिरा परतले तेव्हा ते अंगणात उभे राहिले आणि दार वाजवायला त्यांनी हात उचलला. मालनबाईंनी दार उघडलं, पण वेग बाहेर गेला नाही, तो आता घरात मुरला होता. आनंदाच्या कोपराला पंचा बांधलेला होता.

"अगं मालन, दार का—" एवढं बोलणं झालं आणि अंगण गेलं. पुढच्या फेरीला आनंदा तिथंच उभे होते. "—लावलंय?"

"घर पळतंय. हाताला काय झालं?"

आणखी एक फेरी गेली. "काय न्हाई." आणखी एक. "पडलो."

असं बोलायची त्यांना लवकरच सवय झाली. तशीही लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एका वेळी एक वाक्य पुरतं.

मालनबाईंनी आधी एक तांब्या बाहेर टाकून पाहिला. अंगण आलं तेव्हा अलगद, जमिनीजवळून सोडला. तांब्या जमिनीला लागला आणि ठिणग्या पाडत चावडीच्या कोपऱ्यावरून गेला. आनंदाला तो दुसऱ्या गल्लीत सापडला, भाकरीसारखा चपटा. मालनबाईंनी मनातल्या मनात तांब्याच्या जागी काजलला ठेवून पाहिलं आणि दाराला परत कडी घातली.

कारण काजलला नववा महिना लागलेला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिचा बाप ठरल्या दिवशी न्यायला आला, अंगणात उभा राहून त्याने लेकीला पाच-सहा फेऱ्या पाहिलं आणि हात हलवून गेला. काजल जिभेची तिखट होती. "मला माहेराला सोडायला म्हणून गाडी घेतली हुती," ती म्हणाली. "आता माहेर जागेवर हाय आणि सासर सुसाट सुटलंय." पण तिचे दोन्ही हात पोटावर असत, आणि घर हिसका देई तेव्हा ती ओठ चावी. मालनबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. धान्य कणगीत होतं. पाणी आनंदा पाइप धरून दारातून आत मारत होते, फेरीला तांब्याभर, त्यातलं निम्मं भिंतीवर. जगणं चालून गेलं असतं. पण पोर पोटात थांबत नसतं, आणि वेळ आली की काजलला ह्या दारातून उतरवायचं होतं.

रणजितने त्याच्या परीने उपाय केला. तो गाडीवर बसला आणि त्याने ब्रेक दाबला. काही झालं नाही. गाडी थांबलेलीच होती. मग त्याला वाटलं, वेग वाढवून एकदा संपवून टाकावा. त्याने गाडी चालू करून मूठ पिळली. काटा एकशे तीसवर गेला, आढं घुमायला लागलं, आणि दोन कौलं निघून उडाली. मालनबाईंनी त्याच्या पाठीत लाटणं घातलं. गाडी बंद झाली. काटा एकशे वीसपर्यंत उतरला आणि तिथंच राहिला.

"तू बसून ऱ्हा," मालनबाई म्हणाल्या.

"बसलोय की."

"पाय हलतोय तुझा."

रणजितचा पाय खरंच हलत होता. तो धरून ठेवल्यावर काटा एकशे दहावर आला. मालनबाईंनी ते ध्यानात ठेवलं.

शेवटी आनंदा पोलीस चौकीत गेले. "घर जोरात पळतंय," त्यांनी सांगितलं. तिथं वळणावर हात केलेल्या हवालदारबाईच बसलेल्या होत्या, उषा मगदूम नावाच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी आणला वेग घरात?" आणि टोपी घातली.

मगदूमबाई अंगणात आल्या. त्यांनी वेग मोजायचं यंत्र डोळ्यापुढं धरून दार येण्याची वाट पाहिली. मग यंत्र आनंदाच्या हातात दिलं, शेजारच्या घरातून एक गादी मागून घेतली, ती पाठीला दोरीने बांधून घेतली, आणि दार समोर येताच आत उडी मारली. त्या सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीवर जाऊन आदळल्या, पाठीमागून. भिंतीवरची मांडणी खाली आली. मगदूमबाई उठल्या, गादी सोडली, टोपी शोधून काढून परत घातली.

"एकशे दहा," त्या म्हणाल्या. "गावातनं एवढा वेग चालत नाही. कोण चालवतंय?"

"कुणीच न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

"चालवणारा असल्याशिवाय वेग नसतो, मावशी."

रणजित कणगीच्या मागं होता. तो बाहेर आला. "मीच."

"लायसन?"

त्याने दिलं.

"हेल्मेट?"

काजलने खुंटीवरचं हेल्मेट काढलं, त्यातला लसूण पदरात ओतला आणि हेल्मेट नवऱ्यापुढं धरलं. मगदूमबाईंनी ते वाटेतच घेतलं आणि काजलच्या डोक्यावर बसवलं. "एकच आहे ना? मग हिला. ही एकटी दोघं आहे." काजलने नाक मुरडलं. "बाई, लसणाचा वास येतोय." पण तिने पट्टा लावला. मालनबाईंनी कुणी न सांगता डोक्यावर पातेलं घेतलं.

"गाडी जप्त करावी लागंल," मगदूमबाई म्हणाल्या. "पण ती थांबल्याशिवाय पंचनामा होत नाही."

"गाडी थांबलेलीच हाय मॅडम," रणजित म्हणाला.

मगदूमबाईंनी काट्याकडे बोट केलं. रणजितने मान खाली घातली.

त्यांनी कागद काढला आणि त्या खिडकीखालच्या पेटीवर बसल्या. "जबाब घेते. हायवेच्या वळणापासून घरापर्यंत वाटेत काय काय लागलं ते सांग."

"रस्ता लागला."

"रस्त्यावर?"

"काय नव्हतं."

"काहीच नव्हतं?"

रणजितने आठवून पाहिलं. "काय बघितलं न्हाई मी."

मगदूमबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "न बघितलेला रस्ता तू पार केलास असं मला लिहिता येणार नाही. कागदावर तू अजून वळणावरच आहेस." त्यांनी खिडकीकडे मान केली. "बघ आणि सांग. मला घाई नाही. माझी ड्युटीच ही आहे."

रणजित खिडकीला बसला. बाहेर हिरवा पट्टा गेला, करडा पट्टा गेला. अंगण आलं, गेलं. तो बघत राहिला. त्याला लहानपणापासून कुणी एवढा वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवताना तो उठायचा, बोलताना उठायचा. दुपार गेली, संध्याकाळची भाकरी झाली, ती त्याने खिडकीतच खाल्ली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तो अचानक म्हणाला, "घुंगरं."

"कसली?"

"रसवंती हाय तिथं. चरकाला घुंगरं बांधल्यात."

मगदूमबाईंनी लिहून घेतलं. मालनबाईंनी काटा पाहिला. तो पाच घरं उतरला होता.

"अजून सांग बाळा," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी त्याला बाळा म्हणून बरीच वर्षं झाली होती.

मग एकेक निघू लागलं. करड्या पट्ट्यात शाळेची भिंत होती आणि भिंतीवर फळा रंगवलेला होता. भिंतीपाशी एक बाई होती. पुढच्या फेरीला तिच्या हाताला धरलेली छोटी मुलगी दिसली, गणवेशातली. बाई मुलीला हिसडून मागं ओढत होती आणि तिचं तोंड रस्त्याकडे होतं.

"काहीतरी म्हणतीय," रणजित म्हणाला.

"काय म्हणतीय?"

"शिवी देतीय मॅडम."

"लिहू?"

"लिहा." त्याने मालनबाईंकडे पाहिलं. "आईवरनं हाय."

"मग तर लिवाच," मालनबाई म्हणाल्या.

काटा ऐंशीवर आला. वात आता आडवी जळत नव्हती, नुसती कलली होती. काजलने हेल्मेटची काच वर केली आणि पहिल्यांदा सलग घोटभर चहा प्याली.

शाळेच्या पुढं ओढ्यावरची मोरी लागते. तिथं रणजितला बऱ्याच फेऱ्या काहीच दिसलं नाही. मग वैरणीचा भारा दिसला, आधी हवेत, मग ओढ्यात. मग सायकलचं चाक.

"मोरीवर एक माणूस सायकलवरनं जातोय," तो म्हणाला. "माझ्या वाऱ्यानं खाली पडला."

"कोण?"

रसवंती गेली, शाळा गेली, मोरी परत आली. त्याने गजांना कपाळ लावलं. पुढची फेरीही गेली. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, "आण्णा हाईत."

अंगण येत होतं. रणजित दारात जाऊन उभा राहिला. अंगणात आनंदा उभे होते, कोपराला पंचा बांधलेले.

"आण्णा, तुम्ही बोलला न्हाई."

फेरी गेली. आता ती आधीपेक्षा लांब लागत होती. आनंदा परत समोर आले तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं.

"तू थांबला नव्हतास. कुणाला बोलायचं?"

काटा सरकत साठावर आला. रणजित खिडकीत येऊन बसला. मालनबाईंना त्याचं तोंड दिसत नव्हतं. पातेल्याखाली त्यांना स्वतःलाच घाम फुटला होता, पण तो बरा घाम होता.

पुढच्या दिवशी सकाळी काजलने पलंगाचा खूर धरला. "आत्या," ती सासूला म्हणाली, "पोटात दुखतंय. कालच्यासारखं न्हाई."

मालनबाईंनी तिच्या कमरेला हात लावून पाहिलं. त्यांनी अंगण येण्याची वाट पाहिली आणि दारातून ओरडून आनंदाला सांगितलं. पुढच्या फेरीला आनंदा अंगणात नव्हते. त्याच्या पुढच्या फेरीला तिथं रुग्णवाहिका उभी होती, मागची दारं उघडून, आणि आनंदा तिच्या चाकाला दगड लावत होते. ड्रायव्हर त्यांना सांगत होता की ब्रेक लावलाय, काका. पण आनंदांचा ब्रेकवर विश्वास उरला नव्हता.

काटा चाळीसवर होता. चाळीसला माणूस उतरत नाही. काजल विव्हळली तसा रणजित उडी मारून उठला, दारापाशी गेला, परत आला, गाडीच्या ब्रेकवर त्याने पाय आपटला. घराने हिसका दिला. काटा नव्वदवर गेला. वात विझली.

"खाली बस," मालनबाई म्हणाल्या.

"आई, ती तिथं—"

"खाली बस रणजित. तुझ्या घाईनंच ती हितं अडकलीय."

"तिला दवाखान्यात न्यायला पायजे का नको?"

"पायजे. म्हणून बस."

त्याने बायकोकडे पाहिलं. हेल्मेटमधून काजलचे डोळेच दिसत होते. तिने मान हलवली. रणजित खिडकीत जाऊन बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. पाठीमागं ती विव्हळत होती, आणि तो रसवंतीतल्या माणसाच्या बनियनवर किती भोकं आहेत ते बघत होता. "भोकं हाईत," तो म्हणाला. "लई हाईत. चरकात ऊस घालतोय. लिंबू हाय हातात." मगदूमबाई लिहीत होत्या. काटा सत्तर झाला, पन्नास झाला. "फळ्यावर पाढा लिवलाय. सातचा. चुकलाय पाढा." तीस झाला.

पण वेग उतरला तशी फेरी लांबली. आधी अंगण डोळा मिटायच्या आत येत होतं. आता हायवेच्या वळणावरून घर निघायचं आणि बैलगाडीसारखं चालायचं. काजल पलंगाच्या कडेला बसून लांबच्या प्रवासाला निघालेल्या बाईसारखी विचारायची, "अंगण कुठवर आलं?"

"आत्ता रसवंती."

"आणि आता?"

"रसवंतीच हाय गं."

"रसच पिऊन घेते मग," ती म्हणाली, आणि पुढची कळ आली तसं तिने मालनबाईंचं मनगट धरलं. मालनबाईंना वाटलं हाड मोडलं. "आत्या, मी हितंच उतरते. बाई हाय तिथं, ती धरंल मला." शाळेच्या भिंतीपाशी ती गणवेशातल्या मुलीची आई उभी होती, आता अगदी जवळ, चेहऱ्यावरचं कुंकू दिसावं इतकी. काजल दारापर्यंत गेली.

मगदूमबाईंनी दारात हात आडवा केला. "इथं उतरायचं नाही. हा त्या दिवसाचा रस्ता आहे. अंगण तेवढं आजचं."

"काय हुतंय उतरलं तर?"

"मागून तो येतोय."

सगळ्यांनी कान दिला. हायवेच्या बाजूने आवाज येत होता, फाटलेल्या सायलेन्सरचा, चढत्या सुरातला. बाईने तो ऐकला आणि मुलीला मागं ओढलं. आवाज मोठा होत होत घराएवढा झाला. मोटरसायकल घराला घासून पुढं गेली. खिडकीतून रणजितने स्वतःला पाहिलं. डोक्यावर काही नव्हतं, केस मागं उडत होते, डोळे वाऱ्याने बारीक झाले होते. त्या रणजितने ना घराकडे पाहिलं ना बाईकडे. घर वाऱ्याने हललं आणि मालनबाईंचं पातेलं पडलं.

"कोण गेलं?" काजलने विचारलं.

"मी," रणजित म्हणाला.

मगदूमबाईंनी नंबर टिपून घेतला.

धुरळा बसल्यावर रस्ता फार शांत झाला. बाईने तोंड उघडलं होतं, शिवी पूर्ण केली, आणि मुलीचं डोकं कुरवाळलं. घर माणसाच्या चालीने मोरीवर आलं. ओढ्यात आनंदा पडलेले होते. ते उठून बसले, कोपर पाहिलं, आणि एका हाताने वैरण गोळा करायला लागले. रणजित खिडकीतून हात पोचेल एवढ्या अंतरावर होता. त्याने हात बाहेर काढला. आनंदांनी वर पाहिलं, पण त्या दिवशी तिथून घर गेलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. ते परत वैरण गोळा करू लागले. रणजितने त्यांना नजरेआड होईपर्यंत पाहिलं. काटा तीनवर होता.

मग अंगण आलं. ते हळूहळू आलं, आधी उताराची कड, मग तुळशीचा डबा, मग रुग्णवाहिका, मग चांगला हात पुढं केलेले आनंदा. मालनबाईंनी सुनेला दाराच्या चौकटीत उभं केलं. एसटी पुरती थांबायच्या आत उतरायची सवय त्यांना आयुष्यभराची होती.

"पुढं तोंड कर," त्या म्हणाल्या. "घर जातंय तिकडं. उजवा पाय आधी. जमिनीला लागला की चालत ऱ्हा, थांबू नको."

काजलने उजवा पाय खाली टाकला. तो जमिनीला लागला. ती दोन पावलं घराबरोबर चालली, मग एक पाऊल स्वतःची चालली, मग आनंदाचा हात तिच्या हाताला लागला आणि ती उभी राहिली. मालनबाईंनी धरलेला श्वास सोडला. तो इतक्या दिवसांचा होता, की सोडताना त्यांना खोकला आला. त्याही उतरल्या. काजल हेल्मेटसकट रुग्णवाहिकेत चढली आणि तिने ते काढायला नकार दिला.

"तू?" मालनबाईंनी दारातल्या रणजितला विचारलं.

"तीन हाय अजून," तो म्हणाला. "पुरतं थांबवून येतो."

दार त्याला घेऊन सावकाश पुढं गेलं.

मुलगी झाली. सुखरूप झाली, ऊन माथ्यावर आलं असताना. डॉक्टरीणबाईंनी हेल्मेट कशाला म्हणून विचारलं तेव्हा काजलने सांगितलं, की पोलिसांनी सांगितलंय. रणजित दवाखान्यात पोचला तेव्हा दिवस कलला होता. त्याचे पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते.

"कशानं आलास?" मालनबाईंनी विचारलं.

"चालत."

"एवढं लांब?"

"लांब न्हाई काय. वाटेत सगळं होतं." तो बाकावर बसला. मालनबाईंनी सवयीने त्याच्या पायाकडे पाहिलं. पाय हलत नव्हता. मग त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी नातीच्या नावावर खपवलं.

लायसन जमा झालं. मोटरसायकल टेम्पोत घालून चौकीला गेली. पंचनाम्यावर आनंदा आणि रसवंतीवाला पंच म्हणून राहिले. कोर्टाची तारीख पडली. रणजितला किती दिवस गाडी चालवता येणार नाही ते कोर्ट सांगणार होतं, आणि गावात भेटेल त्याला तो स्वतःहून हे सांगायचा, लग्नाची तारीख सांगावी तसं. कारखान्यात तो सायकलने जाऊ लागला. शाळेच्या भिंतीपाशी उतरून हातात धरून नेतो, असं लोक सांगत.

सोपा रिकामा झाला. मालनबाईंनी तो दोनदा सारवल्यासारखा पुसून काढला. वाटीत दूध काठोकाठ भरून त्यांनी ते जमिनीवर ठेवलं आणि किती वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या. दूध हललं नाही. खिडकीत चावडी होती, आणि थोड्या वेळाने पाहिलं तरी चावडीच होती. आनंदा आत आले आणि एका दमात पाच वाक्यं बोलले. त्यात पाचवं वाक्य चहा टाक हे होतं.

बारशाच्या दिवशी मगदूमबाई आल्या, खाकी न घालता, जांभळ्या साडीत. त्यांनी पिशवीतून खणाची कुंची काढली. "माझ्या बहिणीनं शिवलीय," त्या म्हणाल्या. "घालून बघा, होते का."

पाळणा सोप्याच्या मधोमध टांगलेला होता. बायका भोवतीनं उभ्या होत्या. रणजित दोरी हातात धरून बसला होता, पण त्याने ती अजून ओढलेली नव्हती. पोर निजलं होतं. पंखा बंद होता, माणसांच्या गर्दीने सोप्यात वाऱ्याची झुळूकही शिरत नव्हती. पोरीचं काळंभोर जावळ मागं उडत होतं.

बायकांनी वर बंद पंख्याकडे पाहिलं. काजल वाकून बघत राहिली. मगदूमबाईंनी हातातली कुंची मालनबाईंपुढं धरली. मालनबाईंनी ती नातीच्या डोक्यावर घातली, हनुवटीखाली बंद आणले आणि दुहेरी गाठ मारून ओढून पाहिली. गाठ पक्की होती. पोरगी झोपेतच हसली. कुंचीच्या काठाखालून सुटलेली एक बारीक बट मागं उडत राहिली.